दाजीसाहेबांचा पाय आणि सुनेची चेसी

कागलच्या दाजीसाहेब इंगवल्यांना आपल्या डाव्या पायाचा भारी अभिमान. जिन्यावरून पडून तो मोडला, तेव्हा डॉक्टरांनी आत स्टीलची प्लेट टाकली होती. "आता पहिल्यापेक्षा दणकट झालाय," असं ते दारात आलेल्या पोस्टमनलाही ऐकवत.

त्यांची सून केतकी परसात स्वतः वेल्डिंग करून मोटरसायकलची चेसी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, बनवत होती. खड्ड्यात गाडी आदळली तरी चेसीची हँडलखालची मान वाकू नये, म्हणून तिने तिथल्या जोडावर लोखंडी प्लेट मारली. ती बघून दाजीसाहेब बिथरले.

"प्लेट मारावी लागली म्हणजे माल कच्चा! असली ठिगळाची वस्तू इंगवल्यांच्या घरात राहायची नाही!" असं गरजून त्यांनी रस्त्यावरच्या भंगारवाल्याला आत बोलावलं.

केतकीने तोंडावरचं वेल्डिंगचं हेल्मेट काढलं आणि रीतसर डोक्यावर ओढणी घेतली.

"मामंजींचा शब्द खाली पडू द्यायचा नाही," ती भंगारवाल्याला म्हणाली. "काटा काढ दादा. पण आमच्यात पहिला मान मोठ्यांचा. आधी मामंजींचा डावा पाय घे. त्यातही प्लेट आहे. मग माझी चेसी."

दाजीसाहेबांचा हात आपसूक पायावर गेला. भंगारवाल्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अदबीनं विचारलं, "वहिनी, नुसता पायच द्यायचाय, का अख्खे?"