टुणूचा दोस्त दिसेना, लाल दिवा विझेना

दवाखान्याला होती एक मोठ्ठी काच. काचेबाहेर राहायचा टुणू. टुणू म्हणजे नाकतोडा. इत्तुसा! हिरवागार! काचेच्या आत राहायचा त्याचा दोस्त. तोही इत्तुसा. तोही हिरवागार. टुणूने उडी मारली की दोस्तही मारायचा. टुणुक टुणुक!

एक दिवस आली एक स्कूटर. डबक्यातून गेली. पच्चाक! काचेवर चिखलच चिखल. दोस्त गायब!

टुणूला रडूच कोसळलं. एकच तर दोस्त होता बिचाऱ्याला.

तेवढ्यात आली चंपामावशी. काचा धुणारी. तिने सगळं सामान मांडलं. ब्रश, पाईप, पंप. टुणू गेला ब्रशाकडे. टुणुक टुणुक!

"ब्रशदादा, ब्रशदादा, काच पूस!
माझा दोस्त मला दिसेना!"

"नाही पुसत जा! पाईपात पाणीच नाही."

टुणू गेला पाईपकडे. टुणुक टुणुक!

"पाईपमामा, पाईपमामा, पाण्याने भर!
ब्रश पुसेना,
माझा दोस्त मला दिसेना!"

"नाही भरत जा! पंप पाणी ढकलत नाही."

टुणू गेला पंपाकडे. टुणुक टुणुक!

"पंपराव, पंपराव, चालू व्हा!
पाईप भरेना,
ब्रश पुसेना,
माझा दोस्त मला दिसेना!"

"नाही चालत जा! डोक्यावर लाल दिवा पेटलाय. तो पेटला की मी झोपतो." घुर्रर्र!

टुणू चढला पंपाच्या डोक्यावर. टुणुक टुणुक!

"दिवेभाऊ, दिवेभाऊ, विझा ना!
पंप चालेना,
पाईप भरेना,
ब्रश पुसेना,
माझा दोस्त मला दिसेना!"

"नाही विझत जा! पंपाच्या गाळणीत पाकळी अडकलीय. केव्हाचा सांगतोय. लुकलुक लुकलुक! कुणी ऐकेल तर शपथ!"

टुणू गेला गाळणीकडे. टुणुक टुणुक! आत झेंडूची पाकळी. ऐसपैस बसलेली.

"पाकळीताई, पाकळीताई, ऊठ!
दिवा विझेना,
पंप चालेना,
पाईप भरेना,
ब्रश पुसेना,
माझा दोस्त मला दिसेना!"

"नाही हलत जा! दसऱ्याला मावशीने पंपाची पूजा केली. मला मानाने वाहिलं. पूजा संपली, पण निरोप कुणी दिला? न सांगता उठायचं, ही काय रीत झाली?"

टुणू गेला मावशीकडे. टुणुक टुणुक!

"मावशी, मावशी, पाकळीला निरोप दे!
पाकळी हलेना,
दिवा विझेना,
पंप चालेना,
पाईप भरेना,
ब्रश पुसेना,
माझा दोस्त मला दिसेना!"

"नाही देत जा! पाकळीबिकळी काही नाही. माझ्या पंपाला दृष्ट लागलीय, दृष्ट!"

मावशीने मीठ-मोहऱ्या घेतल्या. पंपावरून ओवाळल्या. "इडा पिडा टळो!" दिवा आपला लुकलुक लुकलुक!

आता मात्र टुणू चिडला. टुणुक! थेट मावशीच्या नाकावर!

"निरोप दे! नाहीतर नाक तोडतो!"

खरं सांगू? टुणूने आजवर एकही नाक तोडलं नव्हतं. नाक कसं तोडतात, हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं.

"अगंबाई! नाकतोडा! गेलं माझं नाक!" मावशी किंचाळली. "देते रे बाबा, देते!"

तिने गाळणी उघडली. बघते तर खरंच पाकळी! मावशीने हात जोडले. "या हं पाकळीबाई. पुढच्या दसऱ्याला परत या."

"आत्ता कसं!" म्हणाली पाकळी.

मग काय!
पाकळी हलली. सुळ्ळकन!
दिवा विझला. टिक!
पंप चालला. घर्रर्र!
पाईप भरला. डुबुक डुबुक!
ब्रशाने पुसलं. खस खस खस!

चिखल गेला. काच लख्ख! मावशीने आधी काचेत नाक पाहिलं. होतं जागच्या जागी.

टुणूने पाहिलं. दोस्त तिथेच!

"कुठे होतास रे?" टुणूने विचारलं.

दोस्तानेही अगदी तेव्हाच तोंड उघडलं. जणू तोही तेच विचारत होता.

"मी? मी तुलाच तर शोधत होतो!" टुणू म्हणाला. आणि दोघं एकदमच हसले.

पाईप गुंडाळला, ब्रश वाळला, टुणू मात्र दिवेलागणीपर्यंत खेळला. टुणुक टुणुक!