कालचं दूध, साठ वर्षांचं दही

धामणगडच्या राजानं एक हुकूम काढला आणि गावची पाठशाळा मरायला टेकली.

झालं असं की गावातले तीन बडे कारखानदार दरबारात रडत आले. तांबट हरबाशेट, सुतारांचा म्होरक्या कान्होबा आणि रंगारी मल्लाप्पा. तिघांची पोटं त्यांच्या आधी दारातून आत शिरायची.

हरबाशेट म्हणाला, "महाराज, हाताखाली माणूस मिळत नाही. पाठशाळेतली पोरं येतात, श्लोक म्हणतात, पाढे म्हणतात. अनुभव विचारला की तोंडाकडे बघत उभी. असल्या पोरांना घेऊन ओवाळायचं का आम्ही?"

"मग तुम्हाला पाहिजे तरी कसला माणूस?" राजानं विचारलं.

"सोळा वर्षांचा. म्हणजे अंग वळतं आणि मजुरी कमी मागतो. अनुभव मात्र दहा वर्षांचा हवा."

दरबारात एवढे शहाणे बसले होते, पण बोटांवर मोजून बघावं असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. राजाच्या तर नाहीच. शिवाय राजा एकदा बोलला की बोलला. त्यानं गुरुजींना बोलावून फर्मावलं, "आठ दिवसांत असा एक माणूस पाठशाळेनं उभा करायचा. नाहीतर तिथं हत्तींचा चारा भरतो. चाऱ्याचा काही उपयोग तरी होतो."

गुरुजी परत आले ते खांबाला टेकूनच बसले. समोर येसू उभी होती. गवळ्याची पोर, सोळा वर्षांची, पाठशाळेतलं शेवटचं वर्ष. तिला तांब्याची भांडी घडवायला शिकायचं होतं. हरबाशेटकडे ती तीनदा जाऊन आली होती.

"अनुभव आहे?" हरबाशेट विचारायचा.

"नाही."

"मग घेऊन ये."

"कुठून आणू?"

"दुसऱ्या कुणाकडून तरी."

दुसरीकडे गेली तर कान्होबानं तिला मल्लाप्पाकडे धाडलं आणि मल्लाप्पानं परत हरबाशेटकडे. पोरीच्या वहाणा झिजल्या, अनुभव काही मिळाला नाही. आता पाठशाळाच बंद पडली तर तिला जन्मभर गोवऱ्या थापाव्या लागल्या असत्या.

गुरुजी म्हणाले, "सोळातून दहा गेले, राहिले सहा. सहाव्या वर्षी कुठलं पोर हातोडा उचलतं? हे गणित सुटत नाही, पोरी."

"सुटतं, गुरुजी. पाटीवर सुटत नाही एवढंच."

सातव्या दिवशी येसू तीन वाट्या घेऊन निघाली. दिवे लागल्यावर कुणी विरजण देत नाही, म्हणून उन्हं असतानाच गेली. हरबाशेटच्या दारात, कान्होबाच्या दारात, मल्लाप्पाच्या दारात. "काकी, थोडं विरजण द्या." तिन्ही काकींनी चमचा चमचा घातलं. दुधाला याआधी दही व्हायचा अनुभव आहे का, असं एकीनंही विचारलं नाही. बायकांना दुसरी कामं असतात.

आठव्या दिवशी दरबार भरला. राजानं दरडावलं, "आणलात माणूस?"

गुरुजींनी येसूला पुढे केलं. येसूनं तीन लोटकी राजापुढे मांडली. "आधी चाखून बघा, महाराज."

हरबाशेटनं नाक मुरडलं. "राजापुढे मातीची लोटकी? माझ्या दुकानात तांब्याची भांडी काय कमी होती?"

"तांब्यात दही कळकतं, शेट. तेवढा अनुभव आहे मला."

दरबारी खाली बघून हसले. राजानं पहिल्या लोटक्यातलं दही तोंडात टाकलं, मग बोट चाटलं. "वा! कुणाच्या घरचं?"

"विरजण हरबाशेटच्या घरचं."

झालं, हरबाशेट फुगला. "असणारच! माझ्या आजीनं लग्नात माहेराहून आणलेलं विरजण, महाराज. साठ वर्षं खंड नाही."

"आमचं सत्तर वर्षांचं आहे," कान्होबा पुढे सरकला.

"सत्तर काय घेऊन बसलात," मल्लाप्पा म्हणाला, "आमच्या घरी मोजतच नाहीत."

येसूनं तिघांना पोटभर बोलू दिलं. मग विचारलं, "आणि यातलं दूध कधीचं असेल, महाराज?"

"ते मला काय ठाऊक?"

"कालचं. तिन्हीतलं एकाच म्हशीचं. काल उन्हं उतरेपर्यंत त्याला कशाचाच अनुभव नव्हता. एकेक चमचा पडला, आणि आज हेच शेट छाती काढून सांगतायत, दही साठ वर्षांचं म्हणून. एका दिवसाचं दूध साठ वर्षांचं होतं, तर सोळा वर्षांच्या पोराला दहा वर्षांचा अनुभव का नाही लागायचा? पाठशाळेत तशी तीस लोटकी भरून तयार आहेत. हे तिघं येतात, झाकण उघडून बघतात, अजून दही कसं नाही म्हणून ओरडतात आणि जातात. चमचा घरी."

हरबाशेट चाचरला. "असं चमचा चमचा वाटत बसलो तर आमचं काय राहणार?"

"काल काकींनी दिलं. आज सकाळी तुमच्या ताटात दही कमी पडलं का?"

हरबाशेटनं सकाळी दोन वाट्या ओरपल्या होत्या. मिशीला अजून लागलं होतं. ते राजाला दिसलं, आणि राजा असा हसला की पागोटं कानावर आलं. हुजऱ्यानं ते सावरलं, तर राजा पुन्हा हसला.

मग त्यानं हुकूम फिरवला. चारा हत्तीखान्यात राहील. तिघांनी दहा दहा पोरं घ्यायची, अर्धा दिवस पाठशाळेत, अर्धा दिवस कारखान्यात, आणि आठवड्यातून एकदा शेटनं स्वतः पाठशाळेत येऊन हातातली कला दाखवायची. "आणि ज्याच्या तोंडून पुन्हा 'आधी अनुभव आण' निघेल," राजा म्हणाला, "त्याच्या घरी गावानं विरजण द्यायचं नाही."

येसूच्या हातात त्यानं सोन्याचं कडं ठेवलं. "आणखी काय पाहिजे, बोल."

"हरबाशेटच्या कारखान्यात जागा."

हरबाशेट पडेल आवाजात म्हणाला, "येतेस कधीपासून?"

"आत्ताच निघू या, शेट. फार वेळ ठेवलं की आंबतं."