दर्भाची रोचना

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी, वरदेच्या तीरी, फुललेल्या पळसांच्या वनात दृढहव्य नावाचा मुनी अग्निहोत्र राखून होता. त्याची पत्नी रोचना निवर्तली. पत्नीवाचून होम अपुरा, म्हणून त्याने शास्त्राप्रमाणे दर्भाची स्त्री विणून शेजारी बसवली. देवांना ती पुरली, त्याला पुरेना.

बारा वर्षांच्या तपाने शुभ्रवसना वाग्देवी प्रकटली. म्हणाली, “गेलेला जीव परत आणणे माझ्या हाती नाही. या दर्भाला वाचा देईन. पण ती तुझ्या स्मरणातून येईल. ती जे बोलेल, ते तुझ्यापाशी...”

“दे, माते!” मुनीने तिला वाक्यही पुरे करू दिले नाही.

सायंकाळी देवीने दिलेला मंत्र त्याने म्हणताच दर्भ सळसळला. “आर्यपुत्र, सप्तपदीत माझ्या शेल्यात पाय अडकून पडलात, आणि पुरोहितांना सांगितलेत, भूमिवंदन केले!”

मुनी हसता हसता रडला. पहाटे विवाहवेदी आठवली, धूर आठवला; धुरात कोणी नव्हते.

ती जे बोलते ते आपल्या स्मरणातून पुसले जाते, हा घात कळला, तरी त्याला राहवेना. रोज मंत्र, रोज तिचे बोलणे, रोज एक पोकळी. शेवटी एकच आठवण उरली, तेव्हा तो आकाशाकडे पाहून गरजला, “वर देता की लुटता? दरिद्र्याच्या झोळीत हात घालताना लाज कशी वाटत नाही?”

देवी म्हणाली, “माझे बोलणे पुरते ऐकले होतेस का? आणि मी कुठून देणार होते? देवांपाशी तिचा एक शब्दही नाही, मुनी. तिच्याबरोबर संसार तू केलास.”

उरली होती ती एका होमवेळेची आठवण. तो ऋचांत गढला होता आणि रोचना कडाडली होती, “सगळा वेद तोंडपाठ, आणि नाकासमोर उतू जाणारे दूध दिसत नाही!”

मंत्र त्याच्या ओठांवर आला. दर्भ थरथरला. मुनीने मंत्र गिळला, ओंजळीत पाणी घेतले आणि तो म्हणाला, “आजपासून होमातली दर्भपत्नी मुकी राहो. पुन्हा कोणा लोभ्याने तिला बोलते करू नये.”

पुढे रोज सायंकाळी तो होमाचे दूध अग्नीवर ठेवी आणि मुद्दाम तोंड फिरवी. दूध उतू जाई, निखारे चरचरत. तो क्षणभर कान देऊन बसे. मग प्रायश्चित्त करी आणि नवे दूध ठेवी.

त्याच्या कुळातले अग्निहोत्री पिढ्यान्‌पिढ्या पहिले दूध उतू जाऊ देत. का, ते त्यांना कोणीच सांगितले नव्हते.