हवेचं भाडं

मंडळी, परदेशातून संसार घरी पाठवायचा तर भरवसा कोणावर ठेवाल? गोड बोलणाऱ्यावर, की माप दाखवणाऱ्यावर?

मस्कतला मी मसाले विकायचो तेव्हाची गोष्ट. दापोलीच्या जैतूनबी तिथं बरीच वर्षं स्वयंपाक करून गावी परतत होत्या. गावी खानावळ काढायची होती. त्यासाठी दोन मोठे टोप आणि ताटवाट्यांचं खोकं जहाजानं पाठवायचं होतं. माल पाठवणाऱ्या दिगंबरशेठनी टोपांचं बाहेरून टेपनं माप घेऊन भाडं सांगितलं, तर बाईंचे पैसे टोपांतच संपले.

“अहो शेठ, टोप तर रिकामे आहेत!”

“बाई, जहाजात वजन नाही, जागा मोजतात. आत नुसती हवा असली तरी तिचं भाडं पडतं. ताटं राहू द्या इथंच.”

जैतूनबींनी टोपांचे पैसे दिले. दुसऱ्या दिवशी मात्र शेठच्या गोदामात हमालांना टोप हलवेनात. शेठनी झाकण काढलं, तर आत ताटं, वाट्या, वर माझ्या दुकानातल्या मसाल्याच्या पुड्यासुद्धा!

“हे काय? याचं वेगळं भाडं पडेल!”

“कशाचं, शेठ? जागा तर तेवढीच आहे. हवेचं भाडं मी कालच भरलं. ती हवा काढून तुमच्याच गोदामात ठेवली आहे. तीही पाठवा, नाहीतर तिचं भाडं परत करा.”

हमाल खो खो हसत सुटले. शेठनी एकदा गोदामात नजर फिरवली, झाकण लावलं आणि म्हणाले, “चढवा रे!”

दापोलीच्या त्या खानावळीत मी पोटभर जेवून आलोय. तुम्हीही धंदा करा, नफा घ्या. पण एकदा विकलेली जागा हिशेबात दुसऱ्यांदा विकू नका, एवढं माझं ऐका.