पाठमोरी पठारजाई

तुम्ही पायऱ्या चढून आलात, हात जोडलेत आणि मग एकमेकांकडे बघितलंत. सगळेच बघतात. गाभाऱ्यात देवी आहे, पण तिचं तोंड मागच्या भिंतीकडे. आमचा पुजारी शेंदूर लावतो तो पाठीला, खण पांघरवतो तो पाठीवरून. नवा माणूस हमखास विचारतो, देवी रुसली आहे का, गावाकडून काही पाप घडलं का. गेल्या वर्षी एक गृहस्थ तर शांती करायचा खर्च सांगून गेले. त्यांना आम्ही ताक पाजलं आणि वाटेला लावलं. पठारजाई रुसलेली नाही. बसा, सांगतो.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा हा वाघझरीचा धनगरवाडा म्हणजे चार झोपड्या आणि मेंढरांचे वाडे. देवी तेव्हा सरळ होती, तोंड उगवतीला. आणि तिचा कौल साऱ्या पठारावर चालायचा. ओल्या फुलाच्या पाकळ्या तिच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्न जमवायचं, मेंढरं कुठल्या अंगाला न्यायची, भांडण कुणाचं खरं, सगळं देवीवर. माणसांना ते बरं पडतं. आपण ठरवलं तर उद्या आपल्याला बोल लागतो, देवीला कोण बोल लावणार?

एका संध्याकाळी मेंढरं परतली तेव्हा कळपामागून एक मुलगी चालत आली, असं सांगतात. सात-आठ वर्षांची असेल. दोन्ही हातांवर चटक्यांचे डाग, काही जुने, काही ओले. वाडीतल्या बायका धावल्या. कुणी उचलून घ्यायला गेली, कुणी भाकरी पुढे केली, आणि सगळ्यांनी मिळून एकच विचारलं, "कुणाची गं तू? काय झालं?" माया होती, खोटं नाही. पण ती पोर इतकी भेदरली की पळत येऊन या गाभाऱ्यात शिरली आणि देवीच्या मागे, मूर्ती आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी तिचा चुलता हजर झाला. खालच्या खोऱ्यातला वजनदार माणूस. डोक्याला पागोटं, बोलणं गोड, येताना पेढेही आणलेले. पोरीचे आईबाप गेले, मीच सांभाळतो, जरा वेडसर आहे, चुलीजवळ तिला भान राहत नाही, असं डोळ्यांत पाणी आणून म्हणाला म्हणे. रक्ताचं माणूस न्यायला आलंय, आपण कोण अडवणार? तरी वाडीचा कारभारी म्हाळू याच्या मनात ते डाग राहिले होते. तो म्हणाला, देवीला विचारू.

कौल लावला. पाकळी उजवी पडली. पोर परत द्या.

पुजाऱ्याने लबाडी केली असं काही लोक सांगतात. मला ते पटत नाही. ओल्या पाकळीला वाऱ्याची झुळूक पुरते. पण आपल्या मनात जी शंका आली, ती आपणच विचारायची असते, ती पाकळीवर टाकली, ही आमच्या लोकांची चूक.

चुलता आत जायला निघाला आणि उंबऱ्यावर लगमाबाई बसली. ही वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई. आई मेलेली कोकरं जगवण्यात तिचा हात कुणी धरत नसे. ती बसली ती चुलत्याकडे तोंड आणि पोरीकडे पाठ करून.

"आज्जे, कौल झाला. बाजूला हो," कारभारी म्हणाला.

"कौल झाला. पर पोर कुटं बोलली?"

"मगाशी इचारलं की तिला, चुलत्याबरूबर जातीस का म्हून, समद्यांम्होरं. गप ऱ्हायली. गप ऱ्हायली म्हंजी कबूल."

आमच्यात तशी रीतच होती. सोयरीक ठरवताना पोरीला विचारायचं, ती खाली बघून गप्प बसली की साखर वाटायची.

लगमाबाई म्हणाली, "कोकरू वरडलं न्हाय म्हंजी त्येला लांडगा आवडतो व्हय रं म्हाळू? पोर आपल्या तोंडानं सांगंल, तवाच मी उठीन. तवर अन्नाला शिवणार न्हाय."

देवीच्या उंबऱ्यावर नेम करून बसलेल्या म्हातारीला ओलांडायची छाती चुलत्याला झाली नाही. तोही समोर ठाण मांडून बसला. आणि सगळी वाडी भोवती गोळा झाली, माना लांब करून आत बघत. म्हातारी बराच वेळ ते सहन करत होती. मग तिने त्यांना फैलावर घेतलं. "मेंढक्यांची जात तुमची. भ्यालेल्या कोकराला गराडा घातला तर ते येतंय का जवळ? का पाठ करून बसाय लागतंय? तोंडं फिरवा."

ही गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. भ्यालेल्या कोकराच्या मागे लागायचं नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. पाठ करून बसायचं, आपलं काम करत राहायचं. ते आपणहून येतं आणि हुंगतं. कोकरांच्या बाबतीत कुणी कधी चुकलं नव्हतं. माणसाच्या लेकराला तोच न्याय लावायचं कुणाला सुचलं नव्हतं, एवढंच. लोक ओशाळले. एकेकाने पाठ केली. कुणी लोकर कातायला घेतली, कुणी घोंगडी शिवायला. एक चुलता तेवढा दाराकडे बघत राहिला.

दिवस गेले. पोरीसाठी सांदीच्या तोंडाशी भाकरी ठेवली जायची, लगमाबाई मात्र पाण्यावर होती. तिचा आवाज खोल गेला, मान कलायला लागली. सून रडायची, पण म्हातारी हटेना. आणि मग एका सकाळी पुजारी दिवा घेऊन आत गेला तो तसाच बाहेर आला. देवी फिरली होती. तोंड भिंतीकडे, त्या सांदीकडे, पोरीकडे. पाठ आमच्याकडे.

काही जण म्हणतात, लगमाबाईनेच पहार घालून मूर्ती फिरवली. मग उपाशी म्हातारीच्या अंगात एवढं बळ कुठून आलं, ते त्यांनाच विचारा. मी दोन्ही सांगतो, तुम्हाला पटेल ते घ्या. म्हाळू कारभाऱ्याला मात्र त्या क्षणी अर्थ लागला. देवीने ज्याला विचारायला हवं होतं त्याच्याकडे तोंड केलं होतं. तो चुलत्याकडे वळला. "पावनं, आता तुमीबी पाठ करा."

चुलता तयार होईना. तेव्हा वाडीतल्या गड्यांनी त्याला उठवून खाली झऱ्यापाशी नेलं आणि त्याच्याभोवती बसून राहिले. ज्याला पोर काय सांगेल याची भीती नाही, त्याला पाठ करायला जड का जावं?

ऊन गाभाऱ्यात आलं तेव्हा लगमाबाईच्या पाठीवर एक हात टेकला. म्हातारी हलली नाही, वळलीही नाही. आणि त्या पोरीचे पहिले शब्द सगळ्या वाडीने ऐकले.

"आज्जे, तू जेव. मी सांगते."



तिने काय सांगितलं ते आम्ही पाहुण्यांना सांगत नाही. ते तिचं होतं. वाडीला कळायला हवं तेवढं कळलं. म्हाळू कारभारी झऱ्यावर गेला आणि म्हणाला, "पावनं, वाट उतरा. हितून म्होरं ही पोर आमची." चुलत्याने कौलाची आठवण दिली. "कौल आमी चुकीच्या ठिकानी मागितला," कारभारी म्हणाला. तो माणूस पुन्हा पठारावर दिसला नाही.

मुलीचं नाव हौसा. ती लगमाबाईच्या घरी वाढली, इथेच तिचं लग्न झालं. पण वाडीचा कौल गेला होता. पाठीवर पाकळी लावून विचारायचं धाडस कुणाला होईना. प्रत्येक गोष्ट आपली आपण ठरवायची, म्हणजे केवढा ताप. भांडणं लांबायला लागली. शेवटी एका वर्षी लोकांनी ठरवलं, देवीला पुन्हा सरळ करायची. पहारी आणल्या, दोर आणले. हौसा तेव्हा दोन लेकरांची आई होती. कारभारी तिला म्हणाला, "बाय, तुजं काम झालं. तू बोललीस. आता देवीला आमच्याकडं वळू दे."

हौसा त्याच उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. "मी बोलले, खरं हाय. पर मी काय शेवटची व्हते व्हय?"

पहारी तशाच परत गेल्या.

आजही देवी पाठमोरी आहे आणि आमचे निवाडे आम्हीच करतो, चुकत-माकत. तालुक्याहून एक बाई येतात, घरी छळ झालेल्या लेकरांचं काम बघणाऱ्या. त्यांच्याबरोबर कधी एखादं लेकरू असतं. त्याला इथे कुणी नाव विचारत नाही, कुणाचं म्हणून विचारत नाही. आत जायचं असेल तर जातं. आम्ही ताट ठेवतो, पाठ करून बसतो आणि हातात काहीतरी काम घेतो. कधी दोन दिवसांत हात टेकतो, कधी पाऊस येऊन जातो तरी टेकत नाही. घाई कुणाला आहे?

तुम्ही विचारलंत, देवीचा चेहरा कसा आहे. मला माहीत नाही. त्या सांदीत मोठं माणूस मावत नाही. वाडीतल्या काहींनी तो पाहिलेला आहे, लहानपणी. ते कोण, हे आम्ही विचारत नाही.