खुलं संकेतस्थळ आणि पंतांची खुर्ची

गुणाबाईची बाजारातली जागा गेली. कुणी चोरली नाही, कुणी भांडून घेतली नाही. राजाच्या संकेतस्थळावर गेली!

माळनगरच्या राजा प्रतापधवलाने राज्याची सगळी माहिती संकेतस्थळावर खुली केली होती. बाजारातल्या जागांची नवी यादीही तिथेच लागली. खुर्च्या विणणाऱ्या गुणाबाईने मुदतीत हरकत घेतली नाही, म्हणून तिची जागा प्रधान भास्करपंतांच्या मेहुण्याला मिळाली. जागा नाही म्हणजे गिऱ्हाईक नाही आणि चूलही नाही.

गुणाबाई जन्मांध. पडद्यावरची अक्षरं तिचा फोन तिला मोठ्याने वाचून दाखवायचा. फोन घेऊन ती थेट दरबारात गेली.

"महाराज, ती यादी मला वाचताच येत नाही."

"आळस, दुसरं काय!" पंत खेकसले. "संकेतस्थळाला कुलूप नाही, पहारेकरी नाही. एकेका कागदाचा फोटो काढून चढवलाय, शिक्क्यासकट! शिक्का दिसला नाही तर तो सरकारी कागद कसला?"

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यापैकी एकानेही ते संकेतस्थळ कधी उघडलं नव्हतं.

राजा हट्टी. म्हणाला, "माझं संकेतस्थळ सर्वांना खुलं आहे म्हणजे आहे! गुणाबाई, सूर्य मावळायच्या आत ते सगळं वाचून दाखव. एक शब्द गाळायचा नाही. जमलं तर जागा तुझी, नाही तर बाजारात पाऊल टाकायचं नाही."

"हजारो कागद आहेत हं, बाई!" पंत खुशीत आले.

"एवढंच ना? उभ्या उभ्या वाचते!" गुणाबाईने फोन उंच धरला आणि बोट फिरवलं.

फोन बोलू लागला, "चित्र. चित्र. चित्र. बटण. चित्र."

"संपलं, महाराज. पुढेही हेच आहे."

"ही लबाडी आहे!" पंत ओरडले. "त्या चित्रांत काय लिहिलंय ते सांग!"

"अहो पंत, तेच तर मी महिनाभर तुमच्या कचेरीत विचारत होते!"

फोटोतली अक्षरं त्या फोनला दिसतच नाहीत, हे आत्ता कुठे दरबारातल्या शहाण्यांच्या डोक्यात शिरलं.

राजाने मिशीवरून हात फिरवला. "बरं, पहिल्याच पानावर मी आहे. घोड्यावर बसलेला. माझ्याबद्दल काय म्हणतो तुझा फोन?"

"चित्र."

"आणि नव्या गटाराचा नकाशा?"

"तोही चित्रच. आता तुमच्यात आणि गटारात फरक आहे, हे पंतांनी कुठे लिहून ठेवलंच नाही, तर बिचारा फोन काय करणार!"

पंतांचा चेहरा पांढराफटक पडला. राजा आधी लालबुंद झाला, मग हसत सुटला, इतका की मुकुट कानावर आला.

"जागा तुझी, बाई! मेहुण्याने आजच गाशा गुंडाळायचा. आणि पंत, सगळे कागद अक्षरांत चढवून होईपर्यंत तुमची खुर्ची गुणाबाईकडे विणायला राहील. तोवर तुम्ही उभे!"

गुणाबाईने खुर्ची चाचपली.

"वेत चांगला आहे, महाराज. सावकाश विणू की झटपट?"

"ते पंतांना विचार!" राजा म्हणाला आणि पुन्हा हसू लागला.