भिवरानं अडवलेला पाणवठा

किती राजे आले आणि गेले, नद्यांनी वाटा बदलल्या, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट.

डोंगराच्या पायथ्याशी एक गवळ्याचं कुटुंब राहायचं. म्हातारा धुळबा, त्याचा मुलगा येसाजी आणि सून भिवरा. आले तेव्हा जवळ दोनच गाई होत्या. ओढ्यातले दगड वाहून, कुडाच्या भिंती शेणामातीनं लिंपून तिघांनी गोठा उभा केला. होता होता गोठा गाईंनी भरला. दुधाची कीर्ती राजवाड्यापर्यंत गेली आणि एके दिवशी निरोप आला, ‘वाड्याला दूध कुणी पुरवायचं ते ठरवायला कारभारी येत आहेत.’

ते यायचे त्याच सकाळी भिवरा धार काढायला बसली. ढवळी गाय पान्हाच सोडेना. तिच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. भिवरानं खूर उचलून पाहिला. बेचक्यात फोड आले होते.

“मामंजी, लाळ्या-खुरकूत आहे!”

धुळबानं गोठ्याचं दार ओढून घेतलं. “हळू बोल. हिला मागं बांध. आजचा दिवस निभावू दे, मग बघू.”

“पण काल संध्याकाळी ही गावच्या पाणवठ्यावर प्यालीय. आता गावची गुरं तिथंच उतरतील. तान्ही वासरं तग धरायची नाहीत.”

“आणि गावाला कळलं तर कारभारी वेशीवरूनच परत जातील! इतक्या वर्षांचे कष्ट मातीत घालायचे?”

भिवरानं नवऱ्याकडे पाहिलं. येसाजी मान खाली घालून ढवळीचं दावं सोडू लागला, तिला मागं न्यायला.

इतक्यात लांबून गळ्यातल्या घंटांचा आवाज आला. गावचा कळप निघाला होता. या गोठ्याचे दगड भिवरानंही डोक्यावरून वाहिले होते. आपल्याच हातानं तो मोडायचा?

घंटा जवळ येत होत्या.

तिनं चरवी खाली ठेवली, पदर खोचला आणि धावत सुटली. पाणवठ्याच्या तोंडाशी बाभळीची काटेरी फांदी पडली होती. ती ओढून तिनं वाटेत आडवी टाकली आणि मागं सरून ओरडली, “थांबवा! गुरं इथं आणू नका!”

“बाजूला हो गं!” गुराखी खेकसला. “तहानेली गुरं आवरतात होय?”

पुढचा बैल शिंगं रोखून काट्यांपर्यंत आला. भिवरा जागची हलली नाही.

“आमच्या ढवळीला लाळ्या झालाय! हे पाणी पाजू नका. वरच्या झऱ्यावर न्या!”

गुराख्याचा चेहरा उतरला. त्यानं आरोळी ठोकून कळप वळवला. मागून धुळबा धापा टाकत आला होता. “घर बुडवलंस, पोरी,” एवढंच बोलून तो दगडावर बसला.

कारभारी वेशीवरूनच परतले. वाड्याचं दूध दुसऱ्या गावाला गेलं, ते कायमचंच. गोठ्यात रोग पसरला. दोन वासरं भिवराच्या मांडीवर गेली. ती ढसाढसा रडली. गावातलं मात्र एकही जनावर आजारी पडलं नाही.

मग रोज सकाळी गोठ्याबाहेरच्या बांधावर कुणी वैरणीचा भारा, कुणी पाण्याची घागर ठेवून जाऊ लागलं. गाई सावरल्या. रोग सरून चरव्या पुन्हा भरल्या, तेव्हा धुळबा पुटपुटला, “आता हे दूध घेणार कोण?”

त्यानं दार उघडलं. बाहेर गावातल्या बायका लोटे घेऊन उभ्या होत्या.

“भिवराच्या हातचं द्या,” एक म्हातारी म्हणाली, “नातवाला पाजायचंय.”

धुळबाचे डोळे भरून आले. त्यानं दुधाचं माप सुनेच्या हातात दिलं.

तात्पर्य : दोष झाकून घराचं नाव टिकत नाही, नुकसान सोसून सांगितलेलं सत्यच ते टिकवतं.